बिऱ्हाड कोणाच्या भरवशावर?

बदलीचा हुकूम हाती पडला की नोकरदाराच्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला मुलांच्या शाळेचा आणि दुसरा बिऱ्हाड हलविण्याचा. पहिल्या प्रश्नासाठी चार जाणत्यांचा सल्ला घेतला जातो, नव्या गावी एक फेरी होते, शाळेचा निकाल विचारला जातो. दुसरा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात, भ्रमणध्वनीवर पाच मिनिटे बोलून, जो सर्वांत कमी भाडे सांगेल त्याच्या पदरात टाकून निकालात काढला जातो. आईच्या वेळची तांब्याची घागर, लग्नातले कपाट, मुलांची पुस्तके आणि बक्षिसे असा वीस वर्षे जपलेला संसार ज्याचे नावही धड ठाऊक नाही अशा माणसाच्या स्वाधीन करताना जी बेफिकिरी दिसते, ती हेच कुटुंब बाजारात पायलीभर ज्वारी घेतानाही दाखवीत नाही.

रेणापूरसारख्या गावांत हा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. येथून लातूर वीसेक किलोमीटर. मुलांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करावयाची झाली, तर गावातलाच टेम्पो, गावातलाच चालक आणि हाताखाली गल्लीतली चार पोरे एवढ्यावर काम भागते. त्या व्यवहाराला पावती नसते आणि तिची गरजही पडत नाही. चालकाचे घर ठाऊक असते, त्याचे वडील ठाऊक असतात, आणि आरसा फुटलाच तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची गाठ पडणार असते. गावची ओळख हाच तेथे जामीन असतो.

पण आता बिऱ्हाडे वीस किलोमीटरवर थांबत नाहीत. मराठवाड्यातील कितीतरी तरुण डी.एड. होऊन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर या जिल्ह्यांतील शाळांवर रुजू झाले आणि वर्षानुवर्षे आंतरजिल्हा बदलीची वाट पाहत राहिले. बदली झाली की चारशे-साडेचारशे किलोमीटरवरून संसार आणावयाचा असतो. दुसरीकडे, येथलीच शिकलेली मुले पुणे, भोसरी, चाकण येथे नोकरीस लागतात, तेथे घर करतात आणि निवृत्त आई-वडिलांना बोलावून घेतात. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या अंतरावर गावची ओळख पोचत नाही. तेथे ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाशी गाठ पडते, आणि या व्यवसायात सचोटीचे लोक जसे आहेत, तसे केवळ एक भ्रमणध्वनी आणि एक छापील पावतीपुस्तक एवढ्याच भांडवलावर उभे राहिलेलेही आहेत.

मालक एकीकडे, माल दुसरीकडे

या प्रश्नाचे मूळ नीट पाहिले पाहिजे. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या हालांना पार नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्या प्रवासात घडत नाही: मालक आणि माल यांची फारकत होत नाही. भांडीकुंडी ज्या मालमोटारीत, त्याच मालमोटारीत माणसे. नोकरदार कुटुंबाचे तसे नसते. ते स्वतः एस.टी.ने वा रेल्वेने पुढे जाते आणि संसार परक्याच्या हाती देते. ही फारकत झाली की मालाचे काय झाले हे सांगू शकणारा जगात एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे माल नेणारा.

या अडचणीची जाण माणसाला फार पूर्वीपासून आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत असा स्पष्ट दंडक आहे की, राजा किंवा दैव यांच्यामुळे नुकसान झाले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वाटेत नष्ट झालेल्या मालाची भरपाई वाहून नेणाऱ्यानेच केली पाहिजे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही प्रख्यात टीका विज्ञानेश्वराने अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. ती कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. पुढे १७०३ साली इंग्लंडचे सरन्यायाधीश होल्ट यांनीही असाच नियम सांगितला आणि त्याचे कारण दिले ते असे की, तसे न केल्यास माल नेणारा चोरांशी संगनमत करील आणि मालकाला ते कधीच सिद्ध करता येणार नाही. काळ वेगळा, देश वेगळा, शहाणपण एकच. जो एकटा साक्षीदार आहे, त्याच्यावरच जबाबदारी टाकली पाहिजे.

भारतात हे तत्त्व १८६५ च्या वाहक अधिनियमाने आणि आता २००७ च्या रस्ते मालवाहतूक अधिनियमाने स्वीकारले आहे. नवा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. माल हरवला वा मोडला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नाही, असे हा कायदा सांगतो. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी आदेश यांसारखे मोजके अपवाद तेवढे त्यात आहेत. म्हणजे राजा आणि दैव तेथेही भेटतातच. विशेष म्हणजे ‘सार्वजनिक वाहक’ या शब्दाच्या व्याख्येत केवळ मोटारमालक येत नाही. माल नोंदविणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल हेही येतात. ‘गाडी आमची नव्हती, आम्ही फक्त ठरवून दिली’ हा बचाव या व्याख्येपुढे टिकत नाही. आणि अशा प्रत्येकाने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करून घेतल्याशिवाय हा धंदा करू नये, असेही त्यात म्हटले आहे.

कायदा इतका ग्राहकाच्या बाजूचा असताना ग्राहक नाडला का जातो? कारण कायदा ज्या कागदांवर उभा आहे, तेच कागद तो मागत नाही.

भाड्याचा आकडा आणि भरपाईचा आकडा

फसवणुकीची रीत आता ठरून गेली आहे. इंटरनेटवर चौकशी करताच दिवसभरात पाच-सहा जणांचे दूरध्वनी येतात. त्यांतला एक इतरांहून पुष्कळच कमी भाडे सांगतो. थोडी आगाऊ रक्कम घेतली जाते. ठरल्या दिवशी येणारी माणसे वेगळीच असतात, गाडी वेगळ्याच मालकाची असते. सामान चढते, गाडी सुटते, आणि वाटेत कोठेतरी ती थांबते. मग दूरध्वनी येतो: सामान ठरल्यापेक्षा जास्त भरले, कर भरावा लागला, नाक्यावर अडविले, सबब आणखी इतके पाठवा, नाही तर माल गोदामात उतरवितो. दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हावयाचे असते, घरात अंथरूण नसते, पावसाळा तोंडावर आलेला असतो. गृहस्थ पैसे पाठवितो. त्याच्या जागी कोणीही पाठवील.

या सबबींपैकी बहुतेक पोकळ असतात, हे माहीत असले तर निम्मे भय कमी होईल. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची अट नाही. महाराष्ट्रात मुंबईची जकातही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करासोबत संपली. तेव्हा जकातीच्या नावाने मागितलेला रुपया हा उघड खोटेपणा होय. आणि सोपविलेला माल वाहकाने गिळंकृत केला तर तो केवळ दिवाणी तंटा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमानुसार वाहकाने केलेला विश्वासघात हा सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

याहून सूक्ष्म फसवणूक कागदावर होते आणि सुशिक्षित माणूसही तीत सापडतो. २०११ च्या नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर ठरवून दिला नसेल तर वाहकाचे दायित्व भाड्याच्या दहा पटींपर्यंत, आणि तेही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच, मर्यादित राहते. समजा, एकूण वीस हजार रुपये ठरले. ही सर्व रक्कम भाडे म्हणून पावतीवर आली तर मर्यादा दोन लाखांची. पण पावतीवर भाडे चार हजार आणि बाकीचे सोळा हजार बांधणी, हमाली, ‘सेवा’ अशा रकान्यांत गेले, तर तीच मर्यादा चाळीस हजारांवर येते. खिशातून गेलेले पैसे तेवढेच, परंतु हक्क एक पंचमांश. सहीपूर्वी भाड्याच्या रकान्यात कोणता आकडा आहे हे पाहण्यास मिनिटभरही लागत नाही, आणि तो आकडा कोणी पाहत नाही.

विम्याचेही तसेच. सामानाच्या किमतीवर काही टक्के ‘विमा’ म्हणून घेतले जातात. प्रत्यक्षात विमा कंपनीकडे एक पैसाही जात नाही. विमा उतरविला असेल तर विमा कंपनीचे, तिच्या क्रमांकाचे प्रमाणपत्र असते. वाहकाच्या पावतीवर हाताने लिहिलेला ‘विमा’ हा शब्द म्हणजे विमा नव्हे.

खुणा विश्वासाच्या, पण कशाच्या?

ग्राहक अगदीच डोळे मिटून जातो असेही नाही. तो काही खुणा पाहतो. दुर्दैवाने त्या खुणा भलत्याच गोष्टीच्या असतात. वस्तू व सेवा कराचा क्रमांक हा कर भरण्यासाठी केलेल्या नोंदणीचा पुरावा आहे, सचोटीचा नव्हे. मोठ्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून घेतलेले नाव हा तर जुनाच डाव. इंटरनेटवरील स्तुतीची वाक्ये कोणी लिहिली हे कळण्यास मार्ग नसतो.

सर्वांत जास्त मिरविली जाते ती ‘आय.बी.ए. मान्यताप्राप्त’ ही पाटी. आय.बी.ए. म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन. व्यापारी आपल्या मालाची वाहतूक पावती बँकेत देऊन पैसे उचलतात. अशी पावती कोणत्या वाहकाची असल्यास बँकेने ग्राह्य धरावी, यासाठी ही संघटना वाहकांची यादी करते. तिचा हेतू बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत हा आहे. शिक्षकाच्या घरातील काचेची बरणी कशी बांधली जाते याच्याशी त्या यादीचा संबंध नाही. शिवाय ही पाटी लावणारा खरोखर यादीत आहे काय, हे विचारण्याची तसदीही क्वचितच कोणी घेतो.

मग ही पाटी इतकी लोकप्रिय का? येथे नोकरदार वर्गाला थोडे स्वतःकडे वळून पाहावे लागेल. प्रशासकीय बदली झाली की सामानाच्या वाहतुकीचा खर्च मिळतो आणि त्यासाठी बिल लागते. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत तर अशा यादीतल्या वाहकाचेच बिल मागण्याचा प्रघात आहे. परिणामी सामान एका टेम्पोने गेले आणि बिल दुसऱ्याच कंपनीचे लागले, हा प्रकार कोणत्याही कचेरीतील लेखा शाखेला नवा नाही. बिल विकत मिळते असे म्हटले की ते विकणारेही तयार होतात. ज्यांच्याजवळ गाडी नाही, गोदाम नाही, हमाल नाही, पण पावतीपुस्तक आहे, अशा कंपन्यांना पहिले गिऱ्हाईक मिळाले ते या वाटेने. भत्त्याच्या हजार-दोन हजारांसाठी ज्या खोट्या पावतीकडे कानाडोळा केला जातो, तीच पावती पुढे एखाद्या शिक्षकाला अडचणीत आणते. विनंतीवरून झालेल्या बदलीला हा भत्ता मिळत नाही, म्हणजे त्या शिक्षकाने भाडे पदरचे भरलेले असते. एकाची सोय दुसऱ्याचा घात करते ती अशी.

विश्वास कोणावर ठेवावा?

तेव्हा विश्वासार्ह वाहक कोणता, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नाही आणि केवळ ओळखीतही नाही. ओळखीचा माणूस प्रामाणिक असतो, परंतु त्याची गाडी घाटात उलटली तर त्याच्या प्रामाणिकपणातून नवे कपाट येत नाही. विश्वासार्ह तोच, जो माल हाती घेण्यापूर्वी आपले दायित्व लिहून देतो. घरी येऊन सामान पाहिल्याशिवाय दर सांगत नाही. एकेका वस्तूची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो. माल पाठविण्याच्या चिठ्ठीत किंमत नोंदवू देतो. किती दिवसांत पोचविणार हे त्याच चिठ्ठीत लिहितो, कारण उशिराची भरपाईदेखील कायद्याने त्या मुदतीशी जोडली आहे. गाडी हलण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकासह बिल्टी हातात देतो. सामान एकट्याच्या गाडीत जाणार की इतरांच्या मालासोबत, वाटेत गाडी बदलणार काय, उतरविण्याची हमाली वा वाराई कोणाकडे, हे विचारण्याआधी सांगतो. हे सर्व करणाऱ्याचा दर थोडा जास्त असेल. तो जास्तीचा पैसा भाड्याचा नाही, जबाबदारीचा आहे. आणि जो यातले काहीच लिहून देत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच समजावा.

ग्राहकाच्या बाजूनेही काही कर्तव्ये आहेत. दागिने, रोकड, मूळ प्रमाणपत्रे, घराची कागदपत्रे मालमोटारीत घालावयाची नसतात. बांधण्यापूर्वी वस्तूंची छायाचित्रे काढावयाची असतात. हाती भ्रमणध्वनी असताना त्यास खर्चही येत नाही. सर्व रक्कम आगाऊ द्यावयाची नसते. उतरविताना यादीशी ताडून पाहावयाचे असते आणि मोडतोड असेल तर पोच देताना तसा शेरा मारावयाचा असतो. त्यानंतर लेखी नोटीस हवी, आणि ती माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत. ही मुदत टळली की २००७ च्या कायद्याखालचा दावा उभाच राहत नाही. सहा महिने ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यात घालविणारा ग्राहक आपला हक्क आपल्याच हाताने बुडवितो.

पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. वाहकाचा निष्काळजीपणा अशा छापील ओळीने धुऊन निघत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात’ ही ओळही तशीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार नेण्याची मुभा दिली आहे. रेणापूरच्या गृहस्थाला दिल्ली वा मुंबई गाठावी लागत नाही. लातूरचा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला तेथे शुल्कही नाही. घरसामानाची कोणतीही नित्याची वाहतूक या मर्यादेत सहज बसते.

एकट्याने लढण्याचा प्रश्न नव्हे

तथापि हे सारे एकेका कुटुंबाच्या शहाणपणावर सोडून देणे पुरेसे नाही. माणूस आयुष्यात दोन-चार वेळाच बिऱ्हाड हलवितो. पहिल्या फसवणुकीत शिकलेला धडा दुसऱ्यांदा उपयोगी पडेपर्यंत दहा वर्षे उलटलेली असतात, आणि तोवर कंपनीचे नावही बदललेले असते. एकट्याचा अनुभव वाया जातो. अनेकांचा एकत्र केला तर तो भांडवल होतो. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मध्यमवर्गीय कुटुंबांना एकत्र करून सामुदायिक खरेदीची जी वाट घातली, तिचे मर्म हेच होते.

तालुक्या-तालुक्यांत शिक्षकांच्या पतसंस्था आहेत, कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. बदल्यांच्या धोरणावर त्या निवेदने देतात, मोर्चे काढतात. त्यांनी आपल्या कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी. गेल्या वर्षी ज्या सभासदांनी बिऱ्हाड हलविले, त्यांनी कोणाकडून हलविले, किती ठरले, किती द्यावे लागले, किती दिवस लागले, काय मोडले, भरपाई मिळाली काय, एवढे त्यात लिहावे. एका हंगामात वीस-पंचवीस नोंदी झाल्या तरी त्या इंटरनेटवरील हजार निनावी स्तुतींपेक्षा मोलाच्या ठरतील, कारण लिहिणारा कोण हे ठाऊक असेल. त्याच वहीच्या जोरावर संघटनेला दोन-तीन चांगल्या वाहकांशी सभासदांच्या वतीने अटी ठरविता येतील. वीस बिऱ्हाडांचा शब्द एका बिऱ्हाडाच्या विनवणीपेक्षा जड असतो.

शासनाकडूनही एक मागणी रास्त आहे. २००७ च्या कायद्याखाली नोंदलेल्या वाहकांची जिल्हावार यादी मराठीत, प्रत्येक परिवहन कार्यालयाच्या फलकावर आणि तहसील कचेरीत लागली पाहिजे. जी नोंदणी ग्राहकाच्या नजरेस पडत नाही, तिचा ग्राहकाला उपयोग तो काय?

तोवर बदलीचा हुकूम निघतच राहील आणि जूनच्या पहिल्या पावसात मालमोटारी भरल्या जातील. गाडीचा फाळका लागण्यापूर्वी गृहस्थाने एवढेच स्वतःला विचारावे की, उद्या ही गाडी पोचली नाही, तर कोणाच्या दारात आणि कोणता कागद घेऊन जावयाचे? या प्रश्नाला उत्तर असेल तर गाडी खुशाल जाऊ द्यावी. नसेल तर तिच्यावर चढलेले कपाट पुन्हा खाली उतरविण्यास अजून उशीर झालेला नाही.